भुजंगाची जागा

राजूरच्या गणपतीच्या टेकडीला पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीच्या डाव्या अंगाला भुजंग बसायचा. दोन्ही पायांनी अधू माणूस. पुढ्यात फडकं अंथरलेलं, तोंड सतत चालू. कुणी गूळ दिला तर तो कुठल्या गावचा हे चाखून सांगायचा आणि बहुतेक वेळा चुकायचा. अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात तो गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी मोडता मोडता आबाराव म्हणाला, "भुजंगाची जागा खाली झाली."

एवढंच म्हणाला आणि पोराकडं बघितलं. ऐकणाऱ्याचं डोकं यावर तापतं, आणि तापावंच. पण आबारावच्या मनात काळंबेरं नव्हतं. तो धनगर माणूस, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. लंगडं कोकरू कळपाबरोबर चालत नाही आणि त्याला कुठंतरी सावलीला बसवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. देवाच्या पायरीहून चांगली सावली त्याच्या बघण्यात नव्हती.

पोराचं नाव इंद्रभान. वय सतरा. सातव्या वर्षी ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. पाय होता जागच्या जागी, पण वाळलेल्या काडीसारखा, नुसता लोंबणारा. मेंढरांमागं जाता येईना म्हणून त्याला शाळेत घातलं. दोन्ही पायांचे त्याचे भाऊ अंगठा उठवत राहिले आणि हा एका पायाचा भोकरदनला वामन मास्तरांच्या ओसरीवर राहून मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत गेला. बापाची जुनी काठी काखेत धरून तो चालायचा.

बापाचं बोलणं ऐकून त्याला काय वाटलं? त्यानं स्वतःच्या मनात डोकावून बघितलं, तर तिथं काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही. त्यानं उरलेली भाकरी खाल्ली आणि पाणी प्याला.

परीक्षा झाली. निकाल लागायला जूनचा महिना उजाडणार होता. वामन मास्तर हा हट्टी माणूस. त्यांनी आबारावला गाठून दोन-अडीच महिन्यांची मुदत मागितली. पोरगा ठिकठिकाणी काम करून बघेल, कुठं जमतंय ते कळेल. कुठंच जमलं नाही तर तुमची पायरी आहेच, असं मास्तर चिडून बोलून गेले. आबारावनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ध्यानात ठेवलं आणि मान हलवली.

पहिला मुक्काम रामकिसन शिंप्याच्या दुकानात. रामकिसन जिवाचा चांगला, पण त्याचं मशीन पायाचं. इंद्रभान एका पायानं पायडल हलवायचा, चाक दोनदा सरळ फिरायचं, तिसऱ्यांदा उलटं, आणि दोरा तुटायचा. अकरा दिवस दोरा तुटत राहिला. रामकिसन एकदाही वैतागला नाही. शेवटी त्यानं हातात सुई दिली आणि काजं करायला बसवलं. काजं बरी झाली. पंधराव्या दिवशी रामकिसन खाली बघत म्हणाला की काजं बराबर हायेत, पण काजं करायला घरात बायको हाय.

मास्तरांनी विचारलं, कसं वाटलं? इंद्रभान म्हणाला, "बरं."

दुसरा मुक्काम तहसिलीसमोर, नरहरपंत अर्जनवीसांकडं. निजामाच्या काळात नरहरपंत उर्दूत अर्ज लिहायचे, आता मराठीत लिहीत. मायना मात्र तोच, सगळीकडं हुजूर आणि अर्जदार. या कामाला पाय लागत नव्हते. इंद्रभानचं अक्षर नितळ, ओळ सुतात सरळ. पहिल्या दिवशी त्यानं तीन अर्ज उतरवले आणि नरहरपंतांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचले. इथं जमलं असतं. त्या संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर त्याला झोप जरा उशिरा लागली, आणि तेवढ्यावरून त्याचं त्यालाच कळलं की आपल्याला काहीतरी हवंसं वाटून राहिलंय.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या भांडणाचा एक शेतकरी आला. इंद्रभाननं कागद पुढं ओढला, तसा त्यानं काठीकडं बघितलं, मग पायाकडं. तो उठला नाही की ओरडला नाही. नरहरपंतांना समजावून सांगावं तसा म्हणाला, "पंत, कामाला निघताना लंगडा आडवा आला तर आम्ही माघारी फिरतो. अन् त्याच्याच हातानं अर्जावर श्री लिवून घेऊ?"

नरहरपंतांनी त्याचा अर्ज स्वतः लिहिला. दुपारनंतर त्यांनी बैठकीच्या मागं एक तरट टांगलं आणि इंद्रभानला आत बसवलं. बाहेर ते तोंडानं विचारायचे, आत इंद्रभान लिहायचा आणि तरटाच्या खालून कागद सरकवायचा. ज्यानं त्याला नको म्हटलं होतं तोच शेतकरी चार दिवसांनी दुसरा अर्ज घेऊन आला. तो इंद्रभाननंच लिहिला, आणि शेतकरी तो खुशीत घेऊन गेला. नरहरपंत हसले. पंधरा दिवसांनी त्यांनी सांगितलं की हवं तर कायमचा राहा, आत बसून लिही, तुला कुणी बिलकुल बघणार नाही. त्यांना वाटलं आपण उपकार करतोय, आणि तसे ते करतही होते.

मास्तरांनी विचारलं. इंद्रभान म्हणाला, "बरं." मास्तरांना त्या शब्दाचा आता राग यायला लागला होता.

तिसरा मुक्काम राजूरचाच. संकष्टीला अभिषेकाची गर्दी व्हायची. कुणाच्या नावानं अभिषेक, गाव कुठलं, हे सगळं लिहून घ्यायचं आणि यादी वर गाभाऱ्यात पाठवायची. मग गुरुजी एकेक नाव मोठ्यानं वाचत. हे काम देवस्थानचे जुने कारकून काकासाहेब बघायचे, पण आता त्यांची नजर गेली होती. त्यांनी इंद्रभानला आनंदानं घेतलं. पोराला पायऱ्या चढायचा त्रास नको म्हणून मोठ्या मायेनं त्यांनी टेबल खालीच मांडून दिलं. पहिल्या पायरीच्या डाव्या अंगाला, जिथं जागा खाली होती तिथं.

वैशाखातली संकष्टी. सकाळपासून बैलगाड्या लागलेल्या. वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसांचा हात त्या कोपऱ्याकडं आपोआप वळायचा. टेबल दिसायच्या आधी काठी दिसायची. एका म्हातारीनं यादीवरच केळं ठेवलं. एकानं मूठभर दाणे टाकले. इंद्रभाननं दाणे बाजूला सारले, दौत सरळ केली आणि विचारलं, "नाव काय लिवू? गाव?" माणूस गोंधळला. आपण भीक घातली आणि भिकारी नाव विचारतो, हे त्याला कुठं बसवावं कळेना. पण नाव सांगितलं. इंद्रभाननं लिहिलं. मग त्यानं तसंच चालू ठेवलं. जो टाकेल त्याला विचारायचं, कुणाच्या नावानं, आणि लिहायचं. कुणी हसलं, कुणी ओशाळलं. यादी लांबत गेली आणि वर गुरुजींचा घसा बसला.

उन्हं चढल्यावर त्याची आई आली. बायनाबाईचा नवस दहा वर्षांचा होता. पोराचा पाय बरा होईपर्यंत दर संकष्टीला निर्जळी उपास, आणि टेकडी चढताना पहिला जो लंगडा भेटेल त्याला गूळखोबरं. लहानपणी इंद्रभान तिच्या पाठुंगळीवर बसून हे बघायचा. ती पुडी भुजंगाला द्यायची, भुजंग गुळाचं गाव चुकीचं सांगायचा. हा सगळा खटाटोप आपल्या पायासाठी आहे, हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं होतं.

चैत्रात भुजंग नव्हता, तेव्हा जत्रेसाठी आलेला एक पांगळा भेटला होता. आज तो नव्हता. बायनाबाईनं पायरीच्या दोन्ही बाजूंना बघितलं, रस्त्याकडं बघितलं, झाडाखाली बघितलं. नवस मोडता येत नव्हता. वर चढायच्या आधी तो फेडायचा होता. मग ती टेबलापाशी आली. मुलाच्या तोंडाकडं तिनं बघितलं नाही. पळसाच्या पानाची पुडी तिनं यादीच्या कडेला ठेवली आणि हात जोडले, जसे भुजंगापुढं जोडायची तसे.

मागं रांग उभी होती. इंद्रभाननं टाक दौतीत बुडवला. सकाळपासून जे विचारत होता तेच त्याच्या तोंडून निघालं.

"कुणाच्या नावानं?"

"इंद्रभानाच्या," बायनाबाई म्हणाली. "इंद्रभान आबाराव. राजूर."

त्यानं लिहिलं. अक्षर बिघडलं नाही, ओळ वाकडी झाली नाही. आई वर गेली. थोड्या वेळानं वरून गुरुजींचा आवाज आला, नावांच्या माळेत त्याचंही नाव आलं आणि पुढं गेलं. त्यानं पुडी सोडून खडा तोंडात टाकला. गूळ होता एवढं कळलं, गोड लागला नाही. मग पाठोपाठ, फार दिवसांनी, त्याला वाईट वाटलं. इतकं की पुढच्या माणसाचं नाव त्याला दोनदा विचारावं लागलं.

जून उजाडला. निकाल लागला, तो पास झाला. मास्तर पेढे घेऊन आले आणि विचारलं, आता बोल, कुठं? शिंपी, अर्जनवीस, की यादी? इंद्रभान म्हणाला, "लिवायचंच काम करतो, मास्तर. पण तरटामागं न्हाई, अन् पायरीखाली न्हाई. संकष्टीला यादी मी वर बसून लिवणार. चढतो माझा मी." आबाराव जवळच बसला होता. तो म्हणाला की खालची जागा चांगली होती, सावली होती.

ज्येष्ठातल्या संकष्टीला इंद्रभान पहाट फुटताच टेकडीपाशी आला. काठी आधी वर ठेवायची, मग बसायचं, हातांनी अंग उचलून पुढच्या पायरीवर घ्यायचं, मग पाय ओढून घ्यायचा. तळहात सोलून निघाले. काकासाहेबांनी हळहळत टेबल वर आणवलं. ऊन पडलं तेव्हा तो मंडपाच्या तोंडाशी सगळ्यांना दिसेल असा बसला होता. काहींनी काठी बघून तोंड वळवलं आणि नाव दुसऱ्याकरवी सांगितलं. त्यानं तीही नावं लिहिली.

तिथून खालची पायरी दिसायची. बायनाबाई आली, थांबली. डावीकडं कुणी नव्हतं, झाडाखाली कुणी नव्हतं. पुडी हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली, मागची माणसं तिला वळसा घालून चढत राहिली. मग तिनं मान वर करून मुलाकडं बघितलं. तो बघतच होता. त्यानं हात केला नाही, हाक मारली नाही.

बायनाबाई पहिल्या पायरीवर बसली. तिनं पुडी सोडली आणि दहा वर्षांचा उपास तिथंच, गुळाचा खडा तोंडात टाकून, सोडला.