शिवेबाहेर राहिलेला

वाकायचा, मळ्यातला चिखल करंगळीवर घ्यायचा आणि सरळ जिभेला लावायचा. मग तोंड वाकडं करून म्हणायचा, "अजून खारट हाय काकी. फुडच्या साली बघा."

असा माणूस तुम्ही कुठे पाहिलाय का? आम्ही पाहिला. दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्या गावात भाताच्या प्रकल्पावर आला होता. होता कोल्हापूरकडचा, पण प्रकल्पाचा पैसा कुठल्याशा थंड देशातून यायचा, म्हणून सगळा गाव त्याला 'फॉरेन'च म्हणायचा. "फॉरेन इलो गो, पेज वाढ!" असं माझे यजमान ओट्यावरून ओरडायचे. राहायला आमच्याच पडवीत होता ना तो.

आमचं गाव खाडीकाठचं. जुना बांध फुटला आणि भरतीचं पाणी मळ्यात शिरायला लागलं. खाऱ्या जमिनीत भात कसलं होणार? शेतकऱ्याच्या बायका जवळच्या कट्टा गावच्या बाजारातून तांदूळ आणायच्या, तोही पिशवीत खाली लपवून. तो बांध पुन्हा घालायचा, हेच याचं काम. आधी अर्धा घालायचा, तो परदेशी पाहुण्यांनी येऊन बघायचा आणि पसंत पडला तर उरलेल्याचा पैसा मिळायचा. "ह्या मळ्यातल्या तांदळाची पेज पिल्याबिगर मी गाव सोडत न्हाय," म्हणायचा. मी म्हणायची, "मगे हयच म्हातारो होशीत!"

कामाचा नारळ फुटला तेव्हा गावच्या मानकऱ्यांनी, तात्यांनी, देवाला गाऱ्हाणं घातलं. शेवटी म्हणाले, "आनि ह्यो घाटावरचो झील इलो आसा, तेका तुझ्या लेकरांत धर रे म्हाराजा!" सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" हा मागे उभा राहून डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणाला, "घाम वो."

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव, गुराकोंबड्यांसकट, तीन दिवस शिवेबाहेर राहायला जातं. गावपळण म्हणतात तिला. तेवढे दिवस गावच्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही. अर्धा बांध घालून झाला आणि नेमका कौल झाला तो पाहुण्यांच्या तारखेवर. याने कट्ट्याला जाऊन फोन केले. पण गोव्याहून त्यांचं विमान ठरलेलं. तारीख काही हलेना.

पाहुणे आले ते आमच्या झावळांच्या खोपींत. काय खूश झाले! मांडी मोडत नव्हती तरी जमिनीवर बसून बांगडा खाल्ला, फुगड्या बघितल्या. मग म्हणाले, बांध दाखवा.

तात्या याला म्हणाले, "झिला, तुका मोकळीक आसा. तू भायलो. जा तेंका घेवन."

तो हसला. "तात्या, गाऱ्हाणं घातलंसा तवा मी आतला हुतो. आता काम पडलं म्हणून भाईरचा व्हय?"

मी म्हटलं, "अरे, देव समजून घेता. जा रे बाबा."

"देव घेईल वो काकी. माझं मलाच न्हाय घेता यायचं."

त्याने मातीत रेघा ओढून ड्रायव्हरला वाट समजावली. ड्रायव्हर गोव्याचा. रिकाम्या गावात वाट विचारणार कुणाला? देवळापाशी चुकून उजवीकडे वळला आणि पाहुण्यांना थेट जुन्या बांधाच्या फुटक्या टोकाला नेऊन उभं केलं. भरतीची वेळ, मळ्यात पाणीच पाणी. नवा बांध खाडीच्या वळणामागे राहिला. परत आले ते खोपींत टेकलेही नाहीत. हात जोडले आणि गाडीत बसले.

मागाहून याने फोटो पाठवले, किती विनवण्या केल्या. पण पैसा दुसऱ्याच कुठल्या देशाकडे वळला होता.

तो गेला त्या सकाळी मी पेज वाढली. विकतच्याच तांदळाची. जरा वेळ तिच्याकडे बघत बसला, मग वाटी पुसून प्यायला. एसटी धरायच्या आधी मळ्यात जाऊन वाकला. मी कुंपणापाशी उभी होते. परत आला, पिशवी उचलली. 'फुडच्या साली' काही म्हणाला नाही.

काही वर्षांनी पुन्हा कौल झाला. कुणी आत राहिलं नाही ना, म्हणून तात्या शिवेवर उभे राहून घराघराला विचारत होते. आमच्याशी आले. "सगळे भायर पडले?"

"पडले."

पुढे निघाले आणि पुन्हा वळले. "आनि आपलो फॉरेन?"

"तो भायरच आसा, तात्यानू."

तीन दिवसांनी देवाने परतायचा कौल दिला. ढोल वाजला. गुरं, कोंबड्या, माणसं, सगळी शीव ओलांडून आत निघाली. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले होते. यजमानांनी हाक मारली, "चल गो, पेज वाढ."

एवढंच म्हणाले.