शेजारणीची गव्हाची बिअर

मी आयुष्यात पहिल्यांदा बिअर प्यायले ती मिशिगनमध्ये, शेजारणीच्या तळघरात, पालथ्या बादलीवर बसून. अंगावर सुती साडी होती आणि सकाळचे अकरा वाजले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी ही गोष्ट तिखटमीठ लावून बरीच फिरवली.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आमचे हे मोटारीच्या कंपनीत इंजिनियर आणि मी घरी. त्या उन्हाळ्यात मी मागच्या डेकवर कुरडयांचा घाट घातला होता. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं आणि तिसऱ्या दिवशी वास घेऊन ठरवायचं, वाटायला झाले की नाही. मी बादलीत डोकं खुपसून वास घेत असताना शेजारची युक्रेनियन म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"काय शोधतेस त्यात?" तिने विचारलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"नीट आंबलेत का ते बघतेय."

"नाकाने कळतं तुला?"

"नाकानेच कळतं."

ती मला हाताला धरून आपल्या तळघरात घेऊन गेली.

तिचा नवरा आदल्या शरदात गेला होता. युक्रेनमधल्या आपल्या गावच्या पद्धतीने तो दर उन्हाळ्यात गव्हाची बिअर करायचा. गव्हाला मटकीसारखे मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, शिजवायचे. गॅरेजच्या भिंतीवर त्याने हॉप्सचा वेल चढवला होता. त्याची हिरवी बोंडं घातली की बिअरला कडूपणा येतो. आता त्याचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं आणि तिथे त्याच्या दोस्तांना त्याचीच बिअर द्यायची, असं तिने मनाशी धरलं होतं. कृती तिला तोंडपाठ होती. पण हिवाळ्यात बर्फावर पडून तिचं डोकं आपटलं होतं आणि तेव्हापासून तिचा वास गेला, चव गेली. ब्रेड खाल्ला काय आणि पुठ्ठा खाल्ला काय, सारखंच, असं ती म्हणाली. बिअर त्याच्यासारखी झाली की नाही, हे तिला कळणारच नव्हतं.

"दोस्तांना विचारा की," मी म्हटलं.

"ते मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतील. तू वास घेताना तोंड वाकडं केलंस. तू खरं सांगशील."

तिने केलेल्या बिअरचा पेला मी हातात घेतला. रंग गढूळ पिवळा, अगदी कुरडयांच्या चिकावर साठलेल्या पाण्यासारखा. वासही ओळखीचा, तिसऱ्या सकाळी झाकण काढल्यावर येतो तो आंबूस. घोट घेतला तर आधी फेसाने नाकात झिणझिण्या, मग काळी पडू लागलेली वेलची केळी, मागून लवंग चावल्याची किंचित चव, आणि जिभेवर भाजलेल्या पोळीच्या कडेचा खरपूसपणा. मला ती आवडली. लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. मला जे जे लागलं ते मी सांगत गेले आणि म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"आणि शेवटी? गिळल्यावर?"

"काही नाही. गोडसर."

तिने डोळे उघडले. "मग ही त्याची नाही," ती म्हणाली. "तो हॉप्स नेहमी जास्त घालायचा. मी ओरडायचे, जन्मभर ओरडले. त्याची शेवटी कडू लागायची."

तिने पुन्हा गहू भिजवले.

संध्याकाळी यांना माझ्या तोंडाचा वास आला. मी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. त्यातलं यांनी एवढंच ऐकलं की बायको बिअर प्यायली. "आपल्यात बायका पीत नाहीत. मंडळात कळलं तर काय इम्प्रेशन पडेल माझं?" हे बोलणारा माणूस दर शनिवारी दोस्तांना घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये बसायचा आणि रिकामे कॅन दुसऱ्या दिवशी मी उचलायचे. "यापुढे त्या तळघरात जायचं नाही," यांनी फर्मावलं. मी जाणं थांबवलं. उत्तर देऊन त्या घरात कधी काही मिळालं नव्हतं.

महिन्याभराने आमच्याकडे सत्यनारायण होता. घर माणसांनी भरलेलं, आरती चाललेली, आणि दारात म्हातारी उभी! चपला बाहेर काढलेल्या, हातात नक्षीदार टॉवेलात गुंडाळलेली बाटली. दुसरी बिअर तयार झाली होती, वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं आणि मी येईना म्हणून ती स्वतःच आली होती. शिवाय सणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिच्याकडची रीत. आरती म्हणणारे आवाज एकेक करून खाली आले. हे पुढे झाले, "ओह, हाऊ नाइस, थँक यू!" करत बाटली घेतली आणि थेट बेसमेंटमध्ये ठेवून आले. म्हातारी माझ्याकडे बघत होती. मी मानेनेच सांगितलं, चाखते म्हणून. प्रसादाचा शिरा घेऊन ती गेली.

जेवणं उरकल्यावर मी पुरुषांना कॉफी द्यायला खाली गेले. पूजेच्या दिवशी घरात बिअर आली म्हणून दुपारभर कुजबुजणारी ही मंडळी कागदी कप घेऊन बसली होती. "काय कडूजहर आहे यार," एक जण म्हणाला, "व्हिनेगर बरं." दुसऱ्याने आपला कप कपडे धुवायच्या सिंकमध्ये ओतला. बाटलीत दोन बोटं उरली होती. मी कॉफीचा ट्रे खाली ठेवला, बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

"अगं!" हे ओरडले.

तीच केळी, तीच लवंग, तोच आंबूस गहू. आणि गिळल्यावर घशाच्या मागून कडूपणा आला, मेथीचे दाणे चावल्यासारखा, आणि बराच वेळ जाईना. माझ्या अंगावर पूजेची पैठणी होती आणि मला त्या सगळ्यांची मनापासून किळस आली.

पाहुण्यांना पोचवायला हे बाहेर गेले. म्हातारी वेलाशी उभी होती. तिने विचारलं, कशी झाली? आणि यांनी ते केलं जे आपण सगळेच करतो. दुसऱ्याच्या घरचं कसंही असो, तोंडावर नाव ठेवायचं नाही. "एक्सलंट!" हे म्हणाले. "व्हेरी स्मूद! अजिबात कडू नाही!" आणि हसत आत आले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे ऐकलं. म्हातारी वळून हळूहळू तळघराकडे निघाली होती. ती आता काय करणार हे मला कळलं आणि मी पैठणी सावरत तशीच अनवाणी धावले. पोचले तेव्हा तिने पहिल्या बाटलीचं बूच काढलं होतं आणि बाटली मोरीवर धरली होती.

"कडू आहे!" मी दारातूनच म्हटलं. "फार कडू आहे. उगीचच कडू आहे. इतके हॉप्स घालतं का कुणी?"

तिने बाटली खाली ठेवली. मग ती नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून तिच्या भाषेत तावातावाने काहीतरी बोलू लागली. मला एकही शब्द कळला नाही, पण ओरडणं कळलं. नवऱ्यावर बायको ओरडते तसंच ते होतं. ओरडता ओरडता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तिला इतकं सुखात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. विधवेचा हेवा वाटला, हे लिहायलाही कसंतरी वाटतं, पण वाटला.

दुसऱ्या दिवशी हे माझ्याशी बोलत नव्हते. रात्री पेपर समोर धरून आमटीभात जेवत होते. मी विचारलं, "अहो, माझी चव गेली, तर माझी आमटी कशी लागते ते सांगाल मला?"

"चांगली असते की."

"चांगली म्हणजे कशी?"

यांनी पेपरचं पान उलटलं. "चांगली म्हणजे चांगली," हे म्हणाले, आणि भात मागितला.

त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलंच नव्हतं.