डाव्या दिव्यामागचा पाइप

"थांब भाऊ, बंद करू नको. नाक देखू दे."

गाडी शेडसमोर उभी राहिली की मिस्तरीचं पहिलं वाक्य हे. इंजिन चालू असतानाच बोनेट उघडायचा आणि हवा आत ओढणाऱ्या डब्याच्या तोंडावर उजवा तळवा ठेवायचा. इंजिन घुसमटायचं, सगळी गाडी थरथरायची. आता बंद पडते असं वाटलं की हात उचलायचा. असं तीनदा. मग तळवा उन्हात धरून बघायचा. त्यावर तेल असायचं, धूळ असायची, जिनिंगच्या रस्त्यानं आलेली गाडी असेल तर कापसाची लव असायची. डॉक्टर आपली जीभ बघतो, हा स्वतःचाच हात बघायचा.

नाव लिहीत नाही. आम्ही सगळे मिस्तरीच म्हणायचो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं हे माझं काम नाही. पण जळगावात त्याच्याबद्दल एक अर्धी गोष्ट फिरली आणि ती माझ्या तोंडून सुटली होती. उरलेली अर्धी मलाच माहीत आहे.

त्याच्या शेडला पाटी नव्हती. चार बल्ल्या, वर पत्रे, एक लोखंडी पेटी. जळगावात तुम्ही तिच्यासमोरून गेला असाल तरी तुमचं लक्ष गेलं नसेल. त्याच्याकडे गाड्या येत त्या पिकअप स्टँडवरच्या बोलण्यानं. स्टँडवर कोणी म्हणालं, "इंजिनचं काम ना? मिस्तरीकडे ने," की गाडी तिकडे जायची. तेवढ्या एका वाक्यावर त्याचं घर चालत होतं.

त्याला एक खोड होती. त्याला कसलीच घाई नव्हती. एकदा एक डायव्हर ओरडला, "मिस्तरी, केळी पिकून चालली माझी!" हा बोनेटमधून डोकं न काढता म्हणाला, "मंग एक आठे दे. पिकेल शे ना?" आणि त्यानं खरंच खाल्लं. साल व्यवस्थित बाजूला ठेवली, हात पुसले, पुन्हा डोकं आत.

मी चार मुलखांत फिरलेला, शहरी बोलायचो. तो कोणाशीही घरचीच बोली बोलायचा. साहेबाची जीप आली तरी "काय व्हयनं?" एवढंच.

आता पाइपाचं सांगतो.

माझी पिकअप यावल-चोपड्याकडची केळी भरून शिरपूरवरून सेंधव्याच्या घाटात चढायची. थंडीत चांगली चढायची. उन्हाळा लागला की निम्म्या घाटात तिचा जीव जायचा. धूर काळा, ओढ नाही, पहिल्या गिअरवर रांगायचं. मागे घड गरम होत. व्यापारी दोनदा बोलून गेला होता.

मिस्तरीनं हात ठेवून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, गाडीले बी नाक शे. तू तिनं नाक चुल्हामा घालेल शे." म्हणजे काय, तर कंपनीनं हवेचं तोंड बोनेटच्या आत, रेडिएटरच्या मागे दिलेलं. इंजिनची स्वतःची उकळलेली हवा तीच पुन्हा ओढत होती. बाहेरची हवा आणून द्यायची, एवढाच इलाज.

धुळ्याला पार्टच्या दुकानात हवेच्या फिल्टरचे, कंपनीबाहेरच्या मालात, दोन प्रकार मिळाले. एक चकचकीत, जाळीचा, भोंग्यासारखा. तो थेट डब्यावर बसायचा. दुसरा ट्रॅक्टरचा, वर काचेची वाटी असलेला, त्याला लांब रबरी पाइप. मला चकचकीत आवडला होता. मिस्तरीनं तो हातात फिरवला आणि म्हणाला, "हाऊ तर लगीनमा चालना." बाजूला ठेवला. बरोबरच होतं म्हणा. भोंगा कितीही छान असला तरी हवा बोनेटमधलीच ओढणार.

मग हवा आणायची कुठून, हे ठरवायला त्यानं अकरा दिवस लावले.

आधी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून तापाचं थर्मामीटर आणलं. बोनेटमध्ये ठेवलं आणि फोडून बसला. कंपाउंडर आला, तर हा त्यालाच म्हणाला, "तुन्हा मीटरले ताप सहन होत नही." मग त्यानं मेणबत्ती आणली. तिचे सात तुकडे केले आणि बोनेटमध्ये सात जागी तारेनं बांधले. मला म्हणाला, एरंडोलला जाऊन ये, कुठे थांबू नको. मी गेलो, आलो. बोनेट उघडलं. रेडिएटरमागचे तीन तुकडे गेलेलेच, नुसती तार. बाकीचे कमीजास्त वाकलेले. पुढच्या काचेखाली, डायव्हरच्या बाजूला वर बांधलेला मऊ झाला होता, पण जागेवर होता. आणि डाव्या दिव्यामागे, मडगार्डच्या खोबणीत खाली बांधलेला तसाच्या तसा, जणू आत्ताच कापला.

मी म्हणालो, "झालं. तोंड दिव्यामागे."

तो म्हणाला, "नही. वर. काचजवळ."

"सगळ्यात थंड जागा खालची आहे. तूच मोजली."

"थंडी शे. पन खाले शे. पाणीमा गाडी घालशी, नाक पाणीमा जाई."

मी म्हणालो, "वीस वर्षं नाले ओलांडतोय मी. तू मला पाणी शिकवणार?"

त्यानं दोन दिवस काम तसंच पडू दिलं. तिसऱ्या दिवशी मी शेडमध्ये पाच-सहा जण बसलेले असताना मोठ्यानं म्हणालो, "मिस्तरी, तुला खाली पाइप बसवता येत नसेल तर सांग, धुळ्याला नेतो." लोक हसले. त्यानं पत्रा घेतला आणि कापायला बसला.

काम असं केलं की अजून डोळ्यांपुढे आहे. ट्रॅक्टरचा रबरी पाइप घेतला, त्याला पत्र्याचं नळकांडं जोडलं, ते मडगार्डमधून दिव्यामागे उतरवलं. तोंडाला बारीक जाळी, कापसाच्या लवेसाठी. आणि मधे, मी सांगितलं नव्हतं, एक सांधा ठेवला. दोन क्लिपा. क्लिपा उघडल्या की खालचा तुकडा हातात येई आणि तोंड वर बोनेटच्या कडेला राही.

"गाडी तुनी शे," तो म्हणाला. "पन पाऊस पडना की हाऊ तुकडा काढी ठेव. पोळा गया की मंग लाव."

"बरं," मी म्हणालो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी गाडी बाहेर काढली. त्या उन्हाळ्यात ती अशी चढली की घाटात मी इतरांना हॉर्न देत पुढे जायचो. स्टँडवर बोनेट उघडून दाखवायचो. लोक विचारत, कोणाची अक्कल? मी म्हणायचो, "माझी. हात मिस्तरीचा."

पाऊस लागला. मी तुकडा काढला नाही. विसरलो असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. रोज बोनेट उघडलं की त्या दोन क्लिपा दिसत.

चोपडा-यावलच्या मधे एक फरशी आहे, नाल्यावरचा ठेंगणा पूल. सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही तिच्यावरून पाणी जातं. सकाळी दहा-साडेदहाची वेळ. पाणी चाकाच्या निम्म्याला. आम्हा जुन्या डायव्हरांची रीत एकच, पाण्यात थांबायचं नाही, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि निघून जायचं. तीच रीत त्या पाइपाला वाईट. जोरात घातली की पुढे पाण्याचा ढीग उठतो आणि तो बरोबर दिव्याच्या उंचीला येतो. मी दाबून घातली. आतून एकदा 'खट्' झालं. मग काही नाही. नुसतं पाण्याचं वाहणं.

ट्रॅक्टरनं ओढून काढली. माल दुसऱ्या गाडीत गेला. गाडी जळगावला स्टँडवर आणली तेव्हा सगळे गोळा झाले. एकानं वाकून बघितलं, म्हणाला, "अरे, एवढ्या खाली तोंड? कोणी लावला हा पाइप?"

मी म्हणालो, "मिस्तरीनं."

एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं. पुढचं वाक्य म्हणायला जागा होती, वेळ होता, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी पाण्याची बाटली घेतली आणि तोंड धुतलं.

मिस्तरीनं इंजिन उतरवलं. नाकातून गेलेल्या पाण्यानं आतला पिस्टनचा दांडा धनुष्यासारखा वाकलेला, तो काढून पायाशी ठेवला. स्टँडवरचे दोघं-तिघं आले होते. त्यांनी विचारलं, "काय रे, एवढ्या खाली लावतात का?" क्लिपा त्याच्या समोर होत्या. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मी पेटीवर बसलेलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाना पुसत म्हणाला, "मीच लावेल शे." मग दोन्ही क्लिपा उघडून खालचा तुकडा सीटखाली ठेवून दिला. त्या जागी वर काचेजवळ जाणारा पाइप बसवला. माझ्याशी नेहमीसारखंच बोलला.

त्या दिवाळीच्या सुमारास शेडसमोर फक्त दोन स्कूटर आणि एक पंप दिसायचा. पिकअप दिसायची ती माझीच. स्टँडवर कोणाच्या इंजिनची गोष्ट निघाली की दुसरा म्हणे, "मिस्तरीकडे नको, पाणी पाजतो तो." लोक हसत. मी तिथेच बसलेला असे. हसलो नाही, पण बोललोही नाही. पुढच्या वर्षी तो शेड सोडून धुळ्याला बहिणीकडे गेला, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये रोजावर लागला. जाताना माझ्याकडे आला नाही. यायचं कारणही नव्हतं.

पाच-सहा वर्षं गेली. एक दिवस स्टँडवर कोणीतरी चहा पिता पिता सांगितलं, तो मिस्तरी गेला, धुळ्याला, छातीत दुखून. मला काहीच वाटलं नाही. खरं सांगतो. रडू नाही, काही नाही. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "तो पाइप मी खाली लावायला लावला होता. तो नको म्हणत होता. पावसात काढ म्हणाला होता, मी काढला नाही."

बाजूला नवी पोरं, तिशीच्या आतली. एकजण म्हणाला, "कोणता पाइप, आबा?" जुन्यांपैकी तिथं एकच होता. तो म्हणाला, "जाऊ दे ना आता," आणि केळीचा भाव विचारू लागला.

मग मी धुळ्याला गेलो. भरलेली गाडी घेऊनच गेलो, त्या खेपेला माल तिकडचाच होता. पत्ता विचारत बहिणीच्या घरापाशी थांबलो. घराला लागूनच पत्र्याची खोली, दारापुढे तेलाचे काळे डाग, दाराला कुलूप. बहीण दारात आली. तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं आधी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी म्हणालो, "अक्का, मी जळगावहून आलो."

ती म्हणाली, "भाऊ, आता इथं कोणी काम करत नाही. पुढच्या चौकात एक गॅरेज आहे, तिथं बघून देतील."

मी तोंड उघडलं होतं. ती वाट बघत उभी होती, पदराला हात पुसत. आत कुकरची शिटी झाली.

मी म्हणालो, "बरं."

पुढच्या चौकात गेलो. गॅरेजवाला बाहेर आला, इंजिन बंद करायला लावलं, बोनेट वर केलं आणि विचारलं, "काय त्रास आहे?"

मी म्हणालो, "काही नाही. चाकात हवा बघ."

त्यानं चारही चाकं बघितली. हवा बरोबर होती.