शेठच्या नावावर काहीच नाही

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पगार थकत गेला, तसे किस्से साचत गेले. दिवाळं काढलेल्या शेठनं आम्हाला दुसरं दिलंय काय? जुने कामगार चहाच्या गाड्यावर भेटले की एखादा निघतोच.

*

पगार थांबला तेव्हा शेठनं मीटिंग घेतली. एसी केबिनमध्ये गळा दाटून आणत म्हणाले, "कंपनी म्हणजे आपलं एक कुटुंब आहे!"

माग दुरुस्त करणारा आमचा सिद्राम मागून म्हणाला, "बरं झालं शेठ! मग पोरंबाळं घिऊन जेवायला कवा यायचं?"

मीटिंग तिथंच आटोपली.

*

मग पगाराऐवजी टॉवेलचे गठ्ठे मिळाले. वर उपकार केल्याचा आव! शिलाईतल्या पद्माक्कानं त्यातले चार किराणावाल्यापुढं ठेवले. तो हात जोडून म्हणाला, "अक्का, तुमचा अख्खा कारखाना हेच घेऊन येतो. आता माझ्याकडं साखर कमी अन् टॉवेल जास्त झालेत!"

*

शेवटी कारखान्याला कुलूप लागलं आणि दिवाळखोरीचं काम बघायला एक साहेब नेमले गेले. शेठनं पगार कायम पाकिटातून दिलेला, स्लिप कुणाकडंच नव्हती. साहेबांनी सिद्रामला विचारलं, "इथं कामाला होता, याचा पुरावा?"

सिद्रामनं अर्धं तुटलेलं बोट टेबलावर ठेवलं. "ह्यो घ्या. उरलेला आत मागात ऱ्हायलाय."

साहेबांनी त्याचं नाव लिहून घेतलं. पण जाताना स्पष्ट सांगितलं, "कंपनीच्या मालकीचं जे सापडेल, त्यातूनच तुमचा पगार निघेल. आणि इथं तर नुसतं भंगार दिसतंय." पद्माक्का पायरीवर बसून रडली. शेठचा असा राग आला होता म्हणून सांगू!

*

आम्ही शेठच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवर गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "ते घरात नाहीत. आणि त्यांच्या नावावर काहीच नाही. फ्लॅट, गाडी, सगळं माझ्या नावावर आहे."

तेवढ्यात आतून शेठ ओरडले, "कोण आहे गं?"

सिद्राम म्हणाला, "वैनी, ह्यो आवाज तरी कुणाच्या नावावर हाय?"

*

खंडेनवमीला साहेबांच्या परवानगीनं आम्ही कुलूप उघडून मागांची पूजा मांडली. साहेबही आले. दरवर्षी शेठच्या गाड्या मागांच्याच रांगेत पुजल्या जायच्या, दक्षिणा कंपनीच्या खर्चात. यंदाही शेठ निर्लज्जपणे हजर! सोबत वहिनींच्या नावावरची नवीकोरी गाडी.

गुरुजी गाडीपाशी थांबले. "ही घरची की कंपनीची? घरची असेल तर संकल्प वेगळा, दक्षिणाही वेगळी."

दक्षिणेचं नाव निघताच शेठचा हात खिशावर गेला. "घरची कुठली, गुरुजी? कंपनीच्या पैशातनं घेतलीय. कंपनीचीच धरा!"

साहेबांनी हातातलं खोबरं तोंडात टाकलं, रुमालाला हात पुसले आणि शेठसमोर पंजा धरला. "किल्ली?"

पद्माक्कानं मागाचा हार काढून गाडीला घातला. सिद्राम ओरडला, "गुरुजी, आमचीच गाडी हाय! दोन मंत्र जादा म्हणा की!"