सातवी कुठे गेली?

रविवारी सकाळी दहा वाजता, पाच रुपये दंडाच्या प्रकरणी, शनिवार पेठेतल्या वाचनालयात तिघे हजर होतो: मालक, मी आणि माझी मुलगी.

सुपरहिरोंच्या टोळीचं नवं कॉमिक आलं होतं. "एका राक्षसाला सात जण? कपाट हलवायचंय का?" असं कुरकुरत मालक प्रत्येक अंक आधी स्वतः वाचत आणि मगच त्याला खाकी कव्हर घालत.

आम्ही परत केलेल्या दुसऱ्या अंकात, शेवटच्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेलं निघालं: 'सातवी कुठे गेली?'

"पुस्तकात लिहिलं की दंड. तिसरा अंक मिळणार नाही," ते मुलीला म्हणाले.

"मी नाही लिहिलं, काका." तिचे डोळे भरले.

प्रश्न रास्त होता. मी मोजलं होतं: पहिल्या अंकात सहा पुरुष आणि एक बाई, दुसऱ्यात बाई गायब. अक्षर मात्र ओळखीचं वाटलं.

"अहो, आपलं रजिस्टर जरा शेजारी ठेवता?"

त्यांनी ठेवलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माफी वगैरे मागितली नाही; तिसरा अंक मुलीकडे सरकवला.

"आहे ती. पान अकरा."

दंडाचे पाच रुपये मालकांनी मालकांना भरले आणि रीतसर पावती फाडून स्वतःच्या खिशात ठेवली.