वाढदिवसाचं औक्षण

कानाच्या आतलं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. चक्कर जाईल म्हणाले होते. गेलं ते डाव्या कानाने ऐकू येणं. तरी डॉक्टरांच्या लेखी ऑपरेशन यशस्वी, आणि नातेवाइकांच्या लेखी मी नाटकी. स्वारगेटला बसमधून उतरून खांबाला धरून उभी राहिले, की लोक प्यायलेली समजून लांबून जातात.

परवा वाढदिवसाला आईने हौसेने पाटावर बसवलं आणि औक्षणाचं तबक ओवाळायला घेतलं. पहिल्याच फेरीत निरांजनाबरोबर भिंत, देव्हारा, आई, सगळंच फिरायला लागलं. मी पाटाच्या कडा घट्ट धरल्या आणि ओरडले, "आई, बस कर गं!"

"अगं, केव्हाच थांबले मी," आई रडवेली होऊन म्हणाली.

माझ्यासमोर ज्योत अजून गरागरा फिरतच होती.