एप्रिलचे डबे

पाणकावळ्याची बाजू घ्यायला मुलगी आयर्लंडला गेली, असं माझी आई गावभर सांगते. त्यात थोडं तथ्य आहे. मेनूथला पीएचडी करताना माझा विषयच तो होता: तळ्यातले कुठले मासे हा पक्षी खातो आणि त्यामुळे गळ टाकून बसणाऱ्यांचं किती नुकसान होतं. पाणकावळा न पचलेली हाडं गोळी करून ओकून टाकतो. मलिंगारजवळच्या एका तळ्यातल्या बेटावर जाऊन मी त्या गोळ्या वेचायचे. परतीच्या ट्रेनमध्ये वासामुळे माझ्या शेजारी कोणी बसत नसे, आणि मला ते फार सोयीचं होतं.

बेटावर बोटीने न्यायचे तिथल्या गळ टाकणाऱ्यांच्या अँगलिंग क्लबचे सेक्रेटरी, सत्तरीतले निवृत्त बसड्रायव्हर. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे. पाणकावळ्यांना ते काळे चोर म्हणायचे. "एप्रिलमध्ये आम्ही तळ्यात ट्राउट मासे सोडतो आणि तुझे चोर आठवड्यात फस्त करतात," हे दर खेपेला ऐकावं लागे. क्लबातले बाकीचे ही अतिशयोक्ती समजून त्यांच्या पाठीमागे हसत. मीही हसायचे. पक्षी मारायची परवानगी मागायची की नाही, हे क्लब जूनच्या सभेत ठरवणार होता, तेही माझे निकाल ऐकून. मला पक्षी वाचवायचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक फेरीच्या गोळ्या मी श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात भरायचे आणि ॲडम्सटाउनच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवायचे. तारीख मार्करने झाकणावर लिहायचे. झाकणं इकडची तिकडे होतात, म्हणून डब्यावर लिहावं, हे कॉलेजातलं पोरही सांगेल. पण मी अतिशहाणी.

मे महिन्यात आई मालवणहून राहायला आली. तिसऱ्या दिवशी मी घरी पोचले, तर फ्रीझर लख्ख. चौदा डबे ओळीने मांडलेले, गुलाबीवर गुलाबी झाकण, हिरव्यावर हिरवं, आणि एकावरही तारीख नाही.

"झाकणां चिकट झालेली," आई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "धुवन रंगाक रंग लावलंय. गुलाबी डब्याक हिरवां झाकण! लोक काय म्हणतीत?"

माझ्या फ्रीझरमध्ये डोकावायला कुठले लोक येणार होते, देव जाणे. मी इतकी ओरडले, की शेजारच्या बाईने बेल वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. वर्षभराचं काम पाण्यात गेलं होतं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाडां तीच असत मां? तारीख पुसली म्हणान मासो बदालता काय?"

खरी गंमत अशी, की मासा बदलला नव्हताच. एकेक डबा उघडून हाडं मोजली आणि बेरीज केली, तर निम्म्याहून जास्त हाडं रोचची निघाली. रोच म्हणजे बाहेरून आलेला, क्लबात कोणालाच नको असलेला मासा. एवढं सभेत सांगितलं असतं, तरी माझे पाणकावळे सुटले असते. पण थिसिसला महिन्यांचा हिशेब हवा होता, म्हणून मी नाक मुठीत धरून काकांना फोन केला. त्यांना आमच्या फेऱ्यांच्या तारखा आठवतात का?

ते दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी घेऊन आले. हातात एक ओलसर वही. प्रत्येक फेरीची तारीख, वारा, आणि त्या दिवशी मी किती गोळ्या वेचल्या ते त्यांनी बोटीत बसून लिहून ठेवलं होतं. चोरांविरुद्ध पुरावा म्हणून! आईने त्यांना बांगडा तळून वाढला. दोन खाऊन ते म्हणाले, "ग्रँड." जाताना वही माझ्या हातात देत म्हणाले, "यात मी खोटा पडलो, तर तसंही सांग."

प्रत्येक डब्यातल्या गोळ्यांची संख्या वहीशी ताडून पाहिली. दोन फेऱ्यांचा आकडा एकच निघाला, त्यामुळे कुठला डबा कुठल्या फेरीचा ते कळेना; ते दोन डबे बाजूला ठेवले. बाकी सगळे जुळले. आणि एप्रिलचे तीन डबे वेगळे काढले, तेव्हा माझा चेहरा पडला. त्यात रोच जवळजवळ नव्हताच. ट्राउट, ट्राउट आणि ट्राउट.

सभेच्या दिवशी आई बरोबर आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. एप्रिल गाळून बोलावं, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. पण काका समोर बसले होते आणि त्यांची वही माझ्या हातात होती. मी म्हटलं, "वर्षभर हे पक्षी मुख्यतः रोच खातात. पण एप्रिलबद्दल सेक्रेटरी खरं बोलत होते."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. परवानगीचा अर्ज टेबलावर पडला होता. आता सह्या होणार, असं मी धरून चालले. तेवढ्यात आईने मला विचारलं, हे मासे सोडतात कसे? मी सांगितलं, भर दुपारी, धक्क्याजवळ, सगळे एकदम.

"मगे पानां वाढून ठेवल्यार पावण्यांका गाळी कित्याक?" आई म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि हॉलभर हशा पिकला. अर्धा तास वादावादी झाली. शेवटी ठरलं, की पुढच्या वर्षी मासे संध्याकाळी, बोटीतून, ठिकठिकाणी सोडायचे आणि पहिला आठवडा आळीपाळीने पहारा द्यायचा. अर्ज वर्षभर थांबणार होता. मी आनंदाने आईला मिठीच मारली.

लोक चहाकडे वळले, तरी काका बसूनच होते. अर्ज थांबला म्हणून ते चिडले असतील, असं समजून मी त्यांची माफी मागायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. डोळे भरून आले होते.

"एप्रिलचं मी किती वर्षं सांगतोय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा कोणी हसलं नाही."